पुतळ्यातला तो शेतकरी अनामिक नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकी स्वातंत्र्याच्या २५० वर्षांनिमित्त आपण काढलेली पुरवणी वाचली. वॉशिंग्टन, जेफरसन, फ्रँकलिन यांच्यावरचे लेख चांगले उतरले आहेत. मधल्या पानावर मात्र कॉन्कर्डच्या पुतळ्याचं भलंमोठं छायाचित्र आहे आणि त्याखाली ओळ आहे, 'नांगर सोडून बंदूक उचलणारा अनामिक शेतकरी'. त्याच पानाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत 'क्रांतीत कामी आलेला पहिला अधिकारी कॅप्टन डेव्हिस' एवढा एका ओळीचा उल्लेख. छायाचित्रातल्या माणसाचा आणि चौकटीतल्या माणसाचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही. मी मॅसॅच्युसेट्समधल्या ॲक्टनला राहते. हा कॅप्टन याच गावचा. त्यामुळे लिहिल्यावाचून राहवलं नाही. पत्र लांबेल, सांभाळून घ्यावं.

आयझॅक डेव्हिसची शेती होती, कारण त्या काळी इथल्या खेड्यांत जवळजवळ प्रत्येकाचीच थोडीफार शेती असे. पण त्याचं खरं काम बंदुका घडवण्याचं. लोखंड तापवायचं, ठोकायचं, चाप बसवायचा, नळी सरळ आहे की नाही ते डोळा लावून पाहायचं. १७७४ च्या नोव्हेंबरात ॲक्टनच्या लोकांनी 'मिनिटमेन'ची तुकडी उभी केली आणि तिचा कॅप्टन म्हणून डेव्हिसला निवडलं. निवडलं म्हणजे खरोखरच मतं देऊन. वरून कोणी नेमलं नव्हतं. तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता.

या तुकड्यांविषयी पुरवणीत काहीच नाही, म्हणून थोडं सांगते. सोळा ते साठ वयाच्या बहुतेक पुरुषांनी गावच्या मिलिशियात, म्हणजे नागरिकांच्या सैन्यदलात, असणं मॅसॅच्युसेट्समध्ये पूर्वापार बंधनकारक होतं. वर्षातून काही दिवस मैदानात जमायचं, कवायत करायची, घरी जायचं. पण बॉस्टनच्या लोकांनी निषेध म्हणून चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्यानंतर ब्रिटिश पार्लमेंटने बॉस्टन बंदर बंद केलं, वसाहतीची सनद बदलली आणि जनरल गेजला गव्हर्नर करून फौजेसकट पाठवलं. तेव्हा वसाहतीच्या प्रतिनिधींनी आपली वेगळी प्रांतिक काँग्रेस भरवली. तिने गावांना सांगितलं की मिलिशियातले साधारण चौथाई लोक असे निवडा, जे हाक येताच निघतील. हे मिनिटमेन. त्यात जाण्याची सक्ती नव्हती. जो गेला तो आपणहून गेला.

डेव्हिसने आपल्या कामाची सगळी अक्कल या तुकडीत ओतली. आठवड्यातून दोनदा कवायत. घरामागे नेमबाजीची जागा. आणि मुख्य म्हणजे संगिनी. गावोगावच्या बहुतेक लोकांकडे शिकारीच्या किंवा वाडवडिलांच्या बंदुका होत्या, त्यांना संगीन नव्हती. ॲक्टनच्या तुकडीला डेव्हिसने संगिनी आणि काडतुसांच्या पेट्या करून दिल्या. पेटी कमरेला असली की काडतूस झटकन हाताशी येतं, बंदूक लवकर भरता येते. या संगिनींमुळेच पुढे त्याचा जीव गेला, असं मला नेहमी वाटतं. का ते पुढे येईलच.

१९ एप्रिल १७७५, युद्धाचा पहिला दिवस. रात्रीच बॉस्टनहून सुमारे ७०० ब्रिटिश सैनिक कॉन्कर्डला साठवलेली हत्यारं आणि दारूगोळा जप्त करायला निघाले होते. पहाटे लेक्सिंग्टनच्या मैदानात गोळ्या चालल्या, आठ जण मेले. ॲक्टनला वर्दी पोचली आणि डेव्हिसच्या घरी माणसं जमू लागली. त्या सकाळी त्या घरात काय झालं, हे आपल्याला एकाच व्यक्तीमुळे नेमकं कळतं. ती म्हणजे त्याची बायको हॅना.

संपादक महोदय, माझ्या पत्राचं खरं कारण ही बाई आहे. १८३५ मध्ये, म्हणजे साठ वर्षांनी, हॅनाने शपथेवर जबाब दिला. वय एकोणनव्वद. तोवर ती पुन्हा लग्न करून पुन्हा विधवा झालेली होती आणि हॅना लेटन असं नाव लावत होती. जबाब जेमतेम पानभर आहे. त्यात रडारड नाही, नवऱ्याची थोरवी गाणं नाही. ती सांगते: माझे पती तेव्हा तीस वर्षांचे होते. आम्हाला चार मुलं होती, धाकटं सुमारे पंधरा महिन्यांचं. सकाळी ते निघाले तेव्हा सगळीच मुलं आजारी होती आणि काहींना घसा येऊन अंगावर पुरळ उठलं होतं.

मी इथे लहान मुलांच्या दवाखान्यात नर्स आहे. घसा लाल, ताप आणि अंगावर खरखरीत पुरळ घेऊन आलेलं मूल माझ्या रोजच्या पाहण्यातलं. आज आम्ही घशाचा स्वॅब घेतो, ॲमॉक्सिसिलिन देतो, एक-दोन दिवसांत ताप उतरतो आणि मूल पुन्हा दंगा करायला मोकळं. पेनिसिलिन प्रत्यक्ष वापरात आलं ते १९४० च्या दशकात. हॅनाच्या आईवडिलांच्या पिढीने १७३५ नंतरच्या घशाच्या साथीत न्यू इंग्लंडमधली हजारो मुलं गेलेली पाहिली होती. अंगावरचं ते पुरळ पाहून त्या घरातल्या मोठ्या माणसांच्या पोटात काय कालवलं असेल, हे कोणी मला वेगळं सांगायला नको. आणि त्याच घरात त्याच सकाळी तुकडीतली माणसं बसून काडतुसं बनवत होती. कागदाची सुरळी, त्यात मोजून दारू, वर शिशाची गोळी, आणि टोक पिळून बंद. हॅना स्वतः सांगते की बरीच माणसं घरी आली आणि त्यांनी काडतुसं तिथेच केली. गावात अशीही आठवण सांगतात, की पाहुण्यांसमोर नीटनेटकं दिसावं म्हणून काहींनी केसांना पीठ लावून घेतलं आणि त्यात हॅनाने मदत केली. पाहुणे म्हणजे ब्रिटिश फौज. जबाबात हे नाही, म्हणून ते सांगोवांगीच धरावं.

जबाबातलं एवढं मात्र खात्रीचं. सूर्य तास-दोन तास वर आला असताना ती माणसं निघाली. 'त्या सकाळी ते फारसं बोलले नाहीत,' ती म्हणते. गंभीर होते, विचारात होते, पण आपण काय करायचं याबद्दल ते कुठे अडखळले नाहीत. तुकडी घेऊन निघाले, मग मागे वळले, काही सांगायचं आहे असं वाटलं. बोलले एवढंच: 'मुलांना नीट सांभाळ.' आणि लगेच दिसेनासे झाले.

ॲक्टनपासून कॉन्कर्डच्या उत्तर पुलापर्यंत सुमारे सात मैल. ती वाट आजही चालता येते आणि दर एप्रिलमध्ये लोक चालतात, कडाक्याच्या थंडीतसुद्धा. मिलिशियाचा कर्नल बॅरेट याच्या शेतावर ब्रिटिश सैनिक तोफा शोधत होते, म्हणून तिकडून जाताना तुकडीने मोठा रस्ता सोडला आणि आडवाटेने ती पुलाजवळच्या टेकडीशी पोचली. तिथे आजूबाजूच्या गावांचे सुमारे ४०० लोक गोळा झाले होते. खाली पुलाशी कॅप्टन लॉरीच्या हाताखाली शंभरेक ब्रिटिश. दोन्हीकडे वाट पाहणं चाललेलं. मग गावातून धूर दिसू लागला. सैनिकांनी तोफांचे गाडे वगैरे पेटवले होते, पण टेकडीवरून वाटलं की घरं जाळताहेत. कॉन्कर्डच्या जोसेफ हॉस्मरने विचारलं, गाव जळू देणार का?

पुढे जायचं ठरलं. सगळ्यात पुढे कोण, हा प्रश्न आला. पुलावर समोरासमोर गाठ पडली तर संगिनीशिवाय निभाव नाही आणि संगिनी ॲक्टनकडे. डेव्हिसला विचारलं तेव्हा तो म्हणाला, 'जायला घाबरेल असा एकही माणूस माझ्याकडे नाही.' हे वाक्य इथे शाळेतल्या मुलांना पाठ असतं. बढाई मारायचा त्याचा स्वभाव असता, तर साठ वर्षांनंतर म्हाताऱ्या सोबत्यांनी त्याच्याविषयी आणखीही बरंच सांगितलं असतं. त्यांनी एवढंच सांगितलं. मला त्यात आपल्या माणसांना नावानिशी ओळखणाऱ्या माणसाचं बोलणं ऐकू येतं. त्यांच्या कमरेची पेटी आणि बंदुकीवरची संगीन त्यानेच तर बनवली होती.

दोन-दोनच्या रांगेत ते उतरले. पुढे कॉन्कर्डचा मेजर बटरिक आणि डेव्हिस. आधी आपल्यावर गोळी चालल्याशिवाय आपण चालवायची नाही, असा हुकूम. ब्रिटिश मागे हटले, पुलाच्या फळ्या उचकटू लागले, मग त्यांनी गोळ्या झाडल्या. आधी एक-दोन पाण्यात पडल्या. फाइफ, म्हणजे लहान बासरी, वाजवणाऱ्या ल्यूथर ब्लँचर्डला एक चाटून गेली. नंतर एकदम फैर झाली. डेव्हिसच्या छातीत गोळी घुसली आणि तो जागच्या जागी गेला. त्याच्या तुकडीतला ॲब्नर हॉस्मर, विशीतला पोरगा, डोक्यात गोळी लागून पडला. मग बटरिक ओरडला, 'झाडा, देवासाठी झाडा!' उत्तराच्या फैरीत तीन ब्रिटिश सैनिक जिवाला मुकले आणि त्यांच्या आठ अधिकाऱ्यांपैकी चार जखमी झाले. दोन-तीन मिनिटांत सगळं आटोपलं. राजाच्या सैन्यावर गोळी झाडण्याचा हुकूम इथल्या लोकांना मिळाला तो याच जागी, आणि तो मिळण्याच्या क्षणभर आधी डेव्हिस संपला होता. त्याच्या बंदुकीतून त्या दिवशी एकही गोळी सुटली नाही.

पुढची हकिगत आपल्या लेखात आहेच. परतीच्या वाटेवर ब्रिटिशांना झाडाझाडाआडून, भिंतीभिंतीआडून मारा सोसावा लागला आणि दिवसअखेर त्यांचे ७३, तर वसाहतीचे ४९ जण मरण पावले. ॲक्टनचा तिसरा माणूस दुपारी पडला. जेम्स हेवर्ड शाळामास्तर होता. कुऱ्हाडीने पायाची बोटं तुटल्यामुळे त्याला जाण्यातून सूट होती, तरी गेला. लेक्सिंग्टनच्या हद्दीत एका विहिरीवर पाणी प्यायला थांबला, तोच घरातून एक ब्रिटिश सैनिक बाहेर आला. दोघांनी एकदमच बंदुका झाडल्या. सैनिक तिथेच मेला, हेवर्ड काही तासांनी. दारू ठेवायचं त्याचं शिंग आमच्या गावच्या वाचनालयात आहे. गोळीने पाडलेलं भोक त्यात स्पष्ट दिसतं. शिंगाच्या कपच्या गोळीबरोबर त्याच्या अंगात शिरल्या होत्या.

हॅनाच्या जबाबात दुपार अशी येते: 'दुपारी त्यांना प्रेत म्हणून घरी आणलं. अंत्यविधी होईपर्यंत माझ्या झोपण्याच्या खोलीत ठेवलं. चेहरा प्रसन्न होता, फारसा बदललेला वाटत नव्हता.' हॉस्मर आणि हेवर्ड यांनाही त्यांचे लोक तिथेच घेऊन आले आणि तिघांचा अंत्यविधी त्याच घरातून एकत्र झाला. तापाने फणफणलेली चार मुलं आणि तीन मृतदेह असलेलं ते घर. आपल्या पुरवणीत त्या दिवसाचे नकाशे आहेत, बाण आहेत, तुकड्यांचे आकडे आहेत. ते असावेतच. पण या घराचा एक ओळभरही उल्लेख नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

हा जबाब घेतला गेला त्यालाही कारण होतं. पन्नास-साठ वर्षं उलटली तशी लेक्सिंग्टन आणि कॉन्कर्डमध्ये पहिला प्रतिकार कोणाचा यावरून भांडण जुंपलं. कॉन्कर्डच्या इतिहासात ॲक्टनला बाजूला सारलं जातंय, असं ॲक्टनकरांना वाटू लागलं. तेव्हा हयात असलेल्या म्हाताऱ्यांना शोधून त्यांचे जबाब लिहून घेतले. गावांच्या त्या चढाओढीत हॅनाची साक्ष टिकली, हे आपलं नशीब.

ती स्वतः मात्र हलाखीत होती. १८१८ चा पेन्शनचा कायदा काँटिनेंटल आर्मीत, म्हणजे सगळ्या वसाहतींच्या एकत्रित सैन्यात, लढलेल्यांसाठी होता. ही आर्मी उभी राहिली जून १७७५ मध्ये. डेव्हिस एप्रिलमध्येच गेला. म्हणजे ज्या सैन्यात असायला हवं होतं ते सैन्य त्याच्या मरणानंतर दोन महिन्यांनी जन्माला आलं! तो सरकारदरबारी कोणाचा सैनिक नव्हता, एका गावचा निवडून दिलेला स्वयंसेवक होता. शिवाय हॅनाने पुन्हा लग्न केलं होतं, त्यामुळे विधवा म्हणून मागायचीही पंचाईत. शेवटी ती नव्वदीच्या घरात असताना अमेरिकी काँग्रेसने तिच्यासाठी वेगळा कायदा मंजूर केला. उशीर झाला म्हणजे किती झाला, ते आपणच पाहावं. चार मुलं लहान असताना तिला जो पैसा हवा होता तो सगळे संसार आटोपल्यावर मिळाला. याबद्दल मला आजही राग येतो आणि तो लपवावा असं वाटत नाही.

१८५१ मध्ये राज्याने २,००० डॉलर मंजूर केले, गावाने भर घातली आणि आमच्या गावच्या हिरवळीवर ७५ फुटी दगडी स्तंभ उभा राहिला. तिघांच्या अस्थी दफनभूमीतून आणून त्याखाली ठेवल्या. बाजारात जाता-येता तो दिसतो.

आता पुतळा. पूर्वी कॉन्कर्डला जे स्मारक होतं ते १८३६ चं आणि नदीच्या ज्या काठावर ब्रिटिश उभे होते त्या काठावर. जुना पूल तेव्हा राहिलेला नव्हता. इबेनेझर हबर्ड नावाच्या एका कॉन्कर्डकराला हे आयुष्यभर खटकलं. त्याने मृत्युपत्रात पैसे ठेवले, की आपली माणसं जिथे पडली त्या काठावर स्मारक करा. त्यातून डॅनियल चेस्टर फ्रेंच या तरुण शिल्पकाराचा पुतळा १८७५ मध्ये बसला. प्रेसिडेंट ग्रँट अनावरणाला आले होते. याच फ्रेंचने पुढे वॉशिंग्टनमधला बसलेला लिंकन घडवला. डेव्हिसचं एकही चित्र उपलब्ध नव्हतं, त्यामुळे चेहरा त्याचाच असं कोणी म्हणू शकत नाही आणि मीही म्हणत नाही. पण पुतळा उभा आहे तो डेव्हिस पडला त्या काठावर, आणि इथे पिढ्यान्‌पिढ्या लोक त्याला डेव्हिसचाच मानतात. नांगर त्यात शिल्पकाराने घातला, कारण १८७५ च्या लोकांना शेतकरी योद्धा आवडत होता. त्या माणसाच्या हातांना खरी सवय होती ती हातोडीची आणि कानशीची.

चौकटीतल्या ओळीबद्दलही एक दुरुस्ती. 'पहिला अधिकारी' हा मान आमच्या गावात अभिमानाने सांगितला जातो, पण लेक्सिंग्टनला त्याच पहाटे पडलेल्यांत रॉबर्ट मन्रो होते, साठी उलटलेले. कॅप्टन पार्करच्या तुकडीत ते एन्साइन होते आणि एन्साइन म्हणजेही अधिकारीच. तेव्हा 'पहिला कॅप्टन' म्हणावं, किंवा 'पहिल्यांपैकी एक'. त्याने डेव्हिसचं काही कमी होत नाही आणि मन्रोंवर अन्यायही होत नाही.

४ जुलैच्या पुरवणीची आपली तयारी चालली असेल. छायाचित्राची दुरुस्ती त्यात द्यावी आणि शक्य असल्यास हॅनाचा जबाब पूर्ण छापावा. तो अर्ध्या रकान्यात बसेल. मराठी केलेला मजकूर आणि पडताळणीसाठी मूळ इंग्रजी, दोन्ही या पत्रासोबत पाठवते आहे. जागा कमी पडली तर काटछाट माझ्या पत्रात करावी, तिच्या जबाबात करू नये.

आपली नम्र,
एक वाचक
ॲक्टन, मॅसॅच्युसेट्स